खूण आधी की वाक आधी?

नोकरीच्या निमित्ताने परमुलखात राहणारा मनुष्य दोन तऱ्हांचा असतो. एक, रिकामा वेळ मिळाला की गावाकडच्या आठवणी काढीत बसणारा. दुसरा, नव्या गावातील अशा एखाद्या वस्तूच्या नादी लागणारा, की जिच्याकडे त्या गावच्या लोकांचे कधी लक्षही जाऊ नये. आम्ही दुसऱ्या तऱ्हेचे. कोलकात्यास बदलून आल्यापासून आम्हांस येथील जुन्या घरांच्या लोखंडी जाळ्यांचे वेड लागले आहे. भवानीपूरच्या किंवा बालीगंजच्या एखाद्या गल्लीतून संध्याकाळी चालत निघावे, आणि हिरव्या झडपांच्या त्या घरांवर दर दहा पावलांना लोखंडाची निराळी वेलांटी दिसावी. कोठे शंखासारखी, कोठे लाटेसारखी, कोठे नुसतीच चौकटीत दुमडलेली पट्टी. आश्चर्य आकृतीचे नव्हे. आकृती कागदावर कोणीही काढील. एकाच घराच्या दहा खिडक्यांवर तीच वेलांटी चाळीस वेळा येते आणि चाळीसही वेळा एकमेकीशी जुळते, याचे आश्चर्य. आम्ही कारकून; एक पत्र दहा ठिकाणी धाडावयाचे तर त्याच्या दहा प्रती काढतो. लोहाराला तापल्या लोखंडाची प्रत काढता येत नाही. प्रत्येक तुकडा त्याला पहिल्यापासून वाकवावा लागतो. मग तो जुळवितो कशाने?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस २०१७ च्या पावसाळ्यात मिळाले. आणि ते मिळता मिळता दुसरा एक प्रश्न आमच्या गळ्यात पडला, तो लोहारकामाचा नव्हता.

आम्ही तेव्हा ज्या कार्यालयात होतो ते एका जुन्या इमारतीत होते. तिच्या जिन्याचा कठडा गंजून त्यातील १८ वेलांट्या पार गेल्या होत्या. सप्टेंबरात वरिष्ठांची तपासणी यावयाची होती आणि तीपूर्वी कठडा उभा राहणे अगत्याचे होते. साहेबांनी उत्तर कोलकात्यातील एका मिस्त्रीस बोलावून तोंडीच सांगितले, ‘कामाला लागा.’ नमुन्यासाठी कठड्याचा एक धड उरलेला तुकडा त्याच्याकडे पाठविला, आणि काम कोठवर आले हे दर दोन दिवसांनी पाहून येण्याची कामगिरी आमच्यावर आली. ती आम्ही आनंदाने पत्करली हे सांगावयास नकोच.

आमची समजूत अशी होती की लोहार लोखंड तापवतो आणि मग नजरेच्या अंदाजाने त्याला वाकवतो. मिस्त्रीच्या दुकानात पहिले दोन दिवस भट्टी पेटलीच नाही. तो व त्याचा भाचा जमिनीवर उकिडवे बसून खडूने रेघा ओढीत होते. लोखंडाच्या एका मोठ्या पत्र्यावर त्यांनी वेलांटी खऱ्या मापात काढली. सळईच्या आतल्या कडेची एक रेघ, बाहेरच्या कडेची एक, आणि दोहोंच्या बरोबर मधून जाणारी तिसरी. या तिसऱ्या रेघेचे मर्म आम्हांस प्रथम कळले नाही. सळई वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आखडते. ताणही नाही आणि आखडही नाही अशी एकच जागा तिच्यात राहते, आणि ती साधारण मधोमध असते. म्हणून वाकासाठी किती लोखंड लागेल हे मोजावयाचे ते या मधल्या रेघेवर. आतून आठ इंच व्यासाचे एक कडे चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, सळईचे करावयाचे असेल, तर आतल्या मापाने सळई २५.१३ इंच कापावी लागेल आणि बाहेरच्या मापाने २८.२७ इंच. दोन्ही चूक. साडेआठ इंच हा मधला व्यास धरून येणारे २६.७० हेच खरे. आणि गंमत अशी की बाहेरच्या मापाने होणारी ही दीड इंचाहून थोडी अधिक चूक कड्याच्या आकारावर अवलंबून नसते. कडे आठ इंचांचे असो की ऐंशी इंचांचे, पूर्ण एका वेढ्याला चूक तेवढीच. ती ठरते सळईच्या जाडीवरून आणि वेढे किती यावरून.

वेलांटीला व्यास नसतो. ती घटकेघटकेला घट्ट होत जाते. म्हणून मधल्या रेघेवर दोरी अंथरावयाची, मग ती दोरी सरळ करून मोजावयाची. दोरीने माप घेऊन आधी भूमीवर आकृती आखण्याची ही रीत फार जुनी आहे. यज्ञवेदींची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांच्या नावातच ती आहे. शुल्ब म्हणजे दोरी. तेथेही दोरी आणि खुंटी आधी, अग्नी नंतर.

हा क्रम केवळ सवयीचा नाही. सळई तापून नारिंगी झाली म्हणजे वाकविण्यास जो अवधी मिळतो तो थोडक्या क्षणांचा. तेवढ्यात विचार होत नाही, हात काय तो चालतो. मोजमाप तर तेव्हा करूच नये, कारण तापलेले लोखंड लांबीला एक टक्क्याच्या आसपास वाढलेले असते. त्यावर पट्टी धरली तर पट्टी खोटे सांगते. खडूची खूणही भट्टीत टिकत नाही. म्हणून सळई थंड असतानाच मिस्त्री तिच्यावर पंच ठेवून हातोडीचा एक हलका घाव देतो आणि ज्वारीच्या दाण्याहून बारीक असा टिंब उमटवतो. तो टिंब आगीतही राहतो आणि लाल लोखंडावर दिसतो. तो कोठे द्यावा यालाही शास्त्र आहे. वाकाच्या बाहेरच्या अंगावर देऊ नये. ते अंग ताणले जाते आणि टिंबापासून चीर फुटू शकते. छिन्नीची रेघ तर मुळीच नको. टिंब बगलेवर, जेथे ताण कमीत कमी. मग तो टिंब दोन खुंट्यांच्या मध्ये बरोबर धरावयाचा, पलीकडचा भाग वाकू नये म्हणून त्यावर पळीभर पाणी सोडावयाचे, आणि वाकवावयाचे. वाक हवा तेथेच येतो. कोपरा बाहेरूनही धारदार हवा असेल तर आणखी एक खटपट असते: तेथले लोखंड आधी ठोकून जाड करून घ्यावे लागते, नाहीतर कोपऱ्यात ते अपुरे पडते. हे सारे करणारा मिस्त्री शाळेत फारसा गेला नव्हता, आणि आम्ही पदवीधर.

पहिली वेलांटी चुकली.

भाच्याने दोरी पत्र्यावरच्या मधल्या रेघेवर न अंथरता जुन्या नमुन्याच्या बाहेरच्या अंगावरून फिरवून मोजली होती. वेलांटीला दीड वेढा. त्यामुळे तुकडा सव्वादोन इंचांहून अधिक लांब निघाला. वळण सुरेख आले होते, केवळ शेपूट लांबले होते. आम्हांस त्याचे काही वाटले नाही. आम्ही म्हणालो, ‘मिस्त्री, पत्र्यावरची रेघच थोडी लांबवा की. कोणाला कळणार?’

मिस्त्री हसला. ‘बाबू, हा एकच असता तर खपला असता. अजून सतरा आहेत. ते कोणाकडे पाहून वाकायचे?’

असे म्हणून त्याने ज्या फळीवर मापाचा आकडा लिहिला होता ती पुढे ओढली. तो आकडा त्याने पुसला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, खाली नवा आकडा लिहिला, आणि तो चुकलेला तुकडा त्यावर चुकीचे माप लिहून भिंतीच्या खिळ्याला अडकवला.

यापुढची गोष्ट याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. पाच वेलांट्या नव्या मापाने ठीक झाल्या. सहावी ऐरणीवर असताना मिस्त्री थांबला आणि कितीतरी वेळ पत्र्याकडे पाहत राहिला. त्याच्या ध्यानात आले की ज्या जुन्या तुकड्यावरून आकृती काढली तोच वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी एका जागी चेपलेला आहे. म्हणजे लोखंड रेघेशी इमानी होते आणि रेघच खोटी होती. या खेपेस त्याने रेघ बदलली. तेच, जे आम्ही पहिल्या दिवशी सुचविले होते! पण ती बदलली आणि झालेले पाचही तुकडे पुन्हा भट्टीत घातले. दर तापाला लोखंडाचा वरचा पापुद्रा जळून झडतो, कोळसा जातो, दिवस जातो. आणि तपासणी दोन आठवड्यांवर आलेली. आम्ही चिडलो. ते पाच तुकडे चुकीचे नव्हते, असे आम्ही म्हणालो. ‘नव्हते,’ तो म्हणाला, ‘पण आता आहेत.’

रेघ बदलणे हे पहिल्या दिवशी अप्रामाणिक आणि सहाव्या तुकड्याला प्रामाणिक, हे कसे? कृती तर एकच. त्या दिवशी आम्हांस याचे उत्तर देता आले नाही. द्यावयाची गरजही भासली नाही, कारण त्याच सुमारास कार्यालयात आमच्यासमोर तीन कागद आले.

वाचकांपैकी पुष्कळ जण कचेरीतलेच आहेत, तेव्हा या कागदांविषयी फार सांगत बसत नाही. काम तोंडी सुरू झाले होते. नियमाप्रमाणे आधी तीन दरपत्रके यावयास हवीत, त्यांचा तुलनात्मक तक्ता व्हावयास हवा, मग मंजुरी आणि मग काम. ऑगस्ट संपत आला तेव्हा साहेबांनी मिस्त्रीचे दरपत्रक मागविले, दुसऱ्या दोघांची कोठून तरी मिळवली, आणि आम्हांस म्हटले, ‘जरा कागद सरळ करून ठेवा.’ आम्ही सरळ केले. दरपत्रके १० ऑगस्टला उघडली असा तक्ता लिहिला, सर्वांत कमी दर मिस्त्रीचा असल्याची टिपणी जोडली, आणि खाली स्वच्छ अक्षरात सही केली. दर खरोखरच वाजवी होता. कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो तेव्हा मिस्त्री आठव्या वेलांटीवर पंचाचा टिंब देत होता, आणि आमच्या मनात काहीही आले नाही, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

नियमात यालाही वाट होती. काम आधी झाले आणि मंजुरी राहिली तर ‘कार्योत्तर मंजुरी’ मागता येते. ती मागणाऱ्याने काम आधी झाले हे उघड लिहावयाचे, का झाले ते सांगावयाचे, वरच्याने चार प्रश्न विचारावयाचे आणि खालच्याने ते सोसावयाचे. कार्योत्तर मंजुरी म्हणजे फळीवरचा जुना आकडा न पुसता त्यावर आडवी रेघ मारणे. आम्ही आकडा पुसला.

पुढल्या वर्षी लेखापरीक्षण आले. परीक्षकाने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. दरपत्रके १० ऑगस्टला उघडली, तर नमुन्याचा तुकडा त्यांपैकीच एका मिस्त्रीच्या नावे ७ ऑगस्टला फाटकाबाहेर कसा गेला? भांडारपालांच्या नोंदवहीत ती नोंद होती. तुकडा ज्या दिवशी गेला त्याच दिवशी, जसा गेला तशी, त्यांनी लिहिली होती. त्या साऱ्या प्रकरणात खरी अशी तारीख तेवढी एकच होती, आणि खुलासा मागितला गेला तो त्या तारखेचा: कोणाच्या हुकमाने सरकारी वस्तू बाहेर दिली?

आमच्या मते वाकानंतर केलेल्या खुणेचा खरा दोष येथे दिसतो. ‘कोणाचे नुकसान झाले?’ असे लोक विचारतात, आम्हीही मनाशी विचारले होते. मिस्त्रीची रेघ त्याला ‘तू सव्वादोन इंच चुकलास’ असे सांगू शकली, कारण ती त्याच्या आधी तेथे होती. वाक झाल्यावर ओढलेली रेघ वाकाशी नेहमीच जुळते. जिला आपल्याशी वाद घालताच येत नाही ती खूण कसली? आणि वाद घालण्याची सोय अशी एका ठिकाणी काढून घेतली तरी वाद नाहीसा होत नाही. तो सरकतो आणि शेजारच्या खऱ्या खुणेवर जाऊन पडतो. आमची १० तारीख कोणत्याही कागदाशी भांडत नव्हती. म्हणून भांडण्याची पाळी बिचाऱ्या सातवर आली.

पहिल्या दिवसाचा आणि सहाव्या तुकड्याचा भेदही मग उलगडू लागला. सहाव्या तुकड्याला मिस्त्रीने रेघ बदलली ती पुढच्या बारा तुकड्यांना आणि मागच्या पाचांनाही बांधून घेण्यासाठी. तिची किंमत त्याने स्वतः दिली, कोळशात आणि दिवसात. आमची सूचना मात्र झालेल्या एका तुकड्यास सोडवून घेण्याची होती, आणि तिला काहीच पडणार नव्हते. सुधारणा आणि सारवासारव या दोहोंत खडू तोच असतो. पण सुधारणेत ज्याने खडू धरला त्याच्या पदरचे काहीतरी जाते. हे लक्षण प्रत्येक ठिकाणी लागू पडेल असा आमचा आग्रह नाही. फुकट झालेल्या सुधारणाही असतील आणि महागात पडलेल्या लबाड्या तर आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. तथापि आमच्या प्रकरणापुरते ते पुरेसे होते.

येथे कोणी म्हणेल, थोर कारागिरांना कसली आली खूण? ते नजरेने वाकवतात. आम्ही हे मिस्त्रीस विचारले होते. तो म्हणाला, बापाला खूण लागत नसे. पण बाप सळई भट्टीत घालण्यापूर्वी विडी संपेपर्यंत तिच्याकडे पाहत बसे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यासाठी लोखंडी पडदे घडविणारा फ्रेंच लोहार झाँ तिजू याने १६९३ साली लंडनमध्ये आपल्या आकृत्यांचे पुस्तकच छापले. त्या आकृत्या पाहून डोळे निवतात. पण त्या घेऊन बसणाऱ्याला आपली दोरी आपणच अंथरावी लागते, कारण छापील रेघेत ताणही नसतो आणि आखडही नसते. धर्मराजाचे उदाहरण अशा निबंधात हटकून येते. ते आम्ही गाळतो; त्याच्या रथाची चाके जमिनीपासून वर तरी होती.

खुलाशाचे पत्र हाती पडले त्या दिवशी दुपारी भांडारपाल आमच्या टेबलाशी आले. निवृत्तीला त्यांचे पाच महिने उरले होते. ते रागावतील अशी आमची अपेक्षा होती, किंबहुना इच्छा होती. त्यांनी नोंदवही उघडून आमच्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाले, ‘बाबू, तुमची तारीख दहा आहे. माझी सात. मी माझी अकरा करू का? पण पहा ना, सातच्या खाली लगेच आठची नोंद आहे, मग नऊची. मध्ये जागाच नाही.’

तीस वर्षे ज्याने एक ओळ मागेपुढे केली नाही तो मनुष्य आमच्याकडे आपली वही वाकविण्याची परवानगी मागत होता. तीही अशा सुरात, की जणू जागा न ठेवण्याची चूक त्याचीच. आम्ही म्हणालो, ‘काही करू नका. असू द्या.’ एवढे म्हणावयास काही लागले नाही. पुढचे करावयास चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आम्ही घरभाड्याचा, मुलीच्या शाळेचा, गोपनीय अहवालाचा आणि साहेबांच्या मर्जीचा हिशेब पुष्कळदा मांडला, आणि प्रत्येक वेळी तो निराळ्या मापाने मोजला. साहेबांनी तोंडी सांगितले होते, सही मात्र आमची होती. त्यांनी ‘सरळ करा’ म्हटले होते. १० हा आकडा आमच्या डोक्यातून निघाला होता. पाचव्या दिवशी आम्ही एक पानी टिपणी लिहिली. काम ७ ऑगस्टला तोंडी सुरू झाले. दरपत्रके त्या महिन्याच्या अखेरीस आली. तक्त्यावरील तारीख आम्ही घातली. भांडारपालांची नोंद बरोबर आहे.

आकाश कोसळले नाही. आम्हांस लेखी ताकीद मिळाली. तिची प्रत आमच्या सेवापुस्तकाबरोबर जेथे जेथे बदली होते तेथे तेथे येते. कार्योत्तर मंजुरी मागावी लागली आणि तिच्यापायी अकरा आठवडे पत्रापत्री चालली. साहेब पुढे आमच्याशी कामापुरतेच बोलत. भांडारपाल ठरल्या दिवशी निवृत्त झाले. निरोपसमारंभात या विषयाचा उल्लेख झाला नाही. आता नस्त्या संगणकावर चालतात आणि तारीख यंत्रच घालते. तारखेचा प्रश्न त्याने मिटला आहे. कारणांचा मिटलेला नाही. निर्णय सकाळी व्हावा आणि त्याची कारणे दुपारी शोधून त्याच्या वर लिहावीत, हे कोणत्याही यंत्रास ओळखता येत नाही, आणि आम्हांस आमच्या स्वतःच्या बाबतीतही नेहमी ओळखता येत नाही. घरी काही ठरविताना आम्ही हल्ली थांबतो आणि पाहतो की रेघ आधी ओढलेली होती काय. पुष्कळदा ती नसते.

गेल्या विश्वकर्मा पूजेला आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो होतो. त्या दिवशी येथे सारे कारखाने बंद असतात आणि आकाश पतंगांनी भरून जाते. हातोडे, सांडशा, पंच धुऊन झेंडूची फुले वाहून ऐरणीवर मांडले होते. भिंतीवरच्या खिळ्याला ती पहिली वेलांटी तशीच होती. आमच्या टेबलावर कागद दाबावयास ती बरी दिसेल असे वाटून आम्ही तिची किंमत विचारली.

मिस्त्री म्हणाला, ‘तो विकायचा नाही, बाबू. नव्या पोराला पहिल्या दिवशी तोच हातात देतो.’ तिच्यावरचा खडूचा आकडा काळाने पुसट व्हावयास हवा होता. पण तो चांगला ठळक दिसत होता. कोणीतरी तो पुन्हा गिरवला होता.